अंदाजाचा काटा

जयवंत आरवाड्यांना एखाद्या गोष्टीबद्दल मत नाही, असं कधी झालं नव्हतं. मिरजेत दूरध्वनी खात्यात तेहेतीस वर्षं नोकरी करून ते निवृत्त झाले आणि पुढच्याच आठवड्यात त्यांनी ‘मला आपलं वाटतं’ नावाचा ब्लॉग सुरू केला. उत्तर ध्रुवाजवळून निघालेला नवा जहाजमार्ग कोणाच्या ताब्यात जाणार, नव्या चित्रपटात नायकाला दाढी का शोभत नाही, घरकाम करणारे रोबो भांडी घासतील पण शेजारच्या बातम्या आणतील का, असं काहीही त्यांना चालायचं. लिहायचे आणि मग तेच कॅमेऱ्यासमोर बसून वाचायचे. आठ वर्षांत चौदाशे लेख झाले. आवाज खणखणीत, बोलणं मिश्कील. गावोगावची माणसं सकाळचा चहा घेताना त्यांना ऐकायची.

खरे श्रोते मात्र गणेश तलावाच्या कट्ट्यावरचे. रेल्वेतून निवृत्त झालेले बापू मगदूम आणि आणखी चार-पाच जण. सकाळी सात ते साडेआठ तिथे जगाचा कारभार चालायचा. जयवंतरावांची बायको पद्मजा म्हणायची, “तुमच्यावाचून त्या अमेरिकेचं कसं व्हायचं हो?” यावर ते म्हणायचे, “मला आपलं वाटतं, कठीण आहे.” ती स्वयंपाकघरातून त्यांची वाक्यं त्यांच्या आधी पुरी करायची. अडतीस वर्षांच्या संसारात एवढं जमतंच.

एकच मत महागात पडलं होतं. त्यांची मुलगी केतकी पुण्यात डबिंग करायची. परदेशी चित्रपटांतल्या बायकांना, मुलांना, कधी बोलणाऱ्या प्राण्यांना ती मराठीत आवाज द्यायची. चार वर्षांपूर्वी यंत्रं तेच काम करू लागली आणि जयवंतरावांनी नेहमीच्या झोकात एक लेख लिहिला. ‘यंत्राचा घसा बसत नाही, त्याला मूड लागत नाही आणि मध्येच चहाही लागत नाही. परवाचा चित्रपट मी यंत्राच्या आवाजात ऐकला. मला आपलं वाटतं, नायिका पहिल्यांदाच नीट रडली.’ तो लेख लाखो लोकांनी एकमेकांना पाठवला. केतकीच्या स्टुडिओच्या मालकाने सगळ्या कलाकारांना बोलावून उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं, तेव्हा हाच लेख मोठ्याने वाचून दाखवला. वाचून झाल्यावर तिच्याकडे बघून हसला. “आरवाडे ना तुम्ही? घरचाच आहेर दिसतोय.”

त्या दिवशी तिने वडिलांना फोन केला. ते म्हणाले, “अगं, ते सहज लिहिलेलं. इतकं मनाला काय लावून घ्यायचं?” तिने फोन ठेवला, तो पुन्हा केला नाही. आईशी बोलायची, बाबांचा विषय टाळायची. पुढे तिने एका शाळेत पहिलीच्या मुलांना वाचायला शिकवण्याचं काम धरलं.

फेब्रुवारीत एका सकाळी जयवंतराव कट्ट्यावरून घरी आले, चपला काढायला वाकले आणि उठलेच नाहीत. मेंदूत रक्ताची गाठ अडकली होती. जीव वाचला. उजवे हात-पाय गेले आणि शब्द गेले. ऐकलेलं सगळं समजायचं, पण बोलायला गेलं की जिभेवर शब्द यायचा नाही. डाव्या हातात पेन दिलं तर कागदावर नुसत्या रेघा उमटायच्या. शब्दांच्या कपाटाची चावी हरवली होती.

मिरजेच्या पुनर्वसन केंद्रात रुबीना शिकलगार नावाची वाचा-उपचार करणारी तरुण बाई होती. तिने पद्मजाला नव्या यंत्राची माहिती दिली.

“काकू, आपण बोलतो ना, त्याआधी क्षणभर मेंदूत त्या शब्दाची जुळवाजुळव होते. तिथे विजेच्या बारीक लहरी उठतात. कवटीच्या आत नखाएवढी जाळी बसवायची, ती या लहरी टिपते. कानामागे एक छोटा डबा असतो, तो त्यांचे शब्द करून बोलतो.”

“ह्यांच्याच आवाजात?”

“त्यांच्याच. व्हिडिओ आहेत की एवढे. फक्त एक आहे, काकांच्या लहरी फार तुटक येतात. दहातले तीनेक शब्द नीट कळतात. बाकीचं यंत्र अंदाजाने भरतं. मोबाइलवर तुम्ही ‘वाढदिवसाच्या’ लिहिलंत की पुढे ‘हार्दिक शुभेच्छा’ आपोआप येतं, तसंच. पण इथे यंत्राला काकांचे चौदाशे लेख पाठ असतील. काका काय म्हणतील हे त्याला बरोबर कळेल.”

पद्मजाने सही केली. तिच्या जागी कोणीही केली असती.

मे महिन्यात डबा पहिल्यांदा सुरू झाला. जयवंतरावांनी ओठ हलवले, आणि कानामागून तो जुना खणखणीत आवाज आला, “पद्मा, मला आपलं वाटतं, या दवाखान्याचा चहा कायद्याने बंद केला पाहिजे.” पद्मजा हसता हसता रडायला लागली. रुबीनाने विचारलं, “काका, हेच म्हणायचं होतं ना?” त्यांनी मान हलवली. खरंच काहीसं तसंच म्हणायचं होतं. पहिले पंधरा दिवस रुबीना दर वाक्यानंतर विचारत राहिली. मग कोणी विचारेनासं झालं.

बापू मगदूम त्यांना रोज सकाळी चाकाच्या खुर्चीतून कट्ट्यावर न्यायला लागले. कट्टा पुन्हा भरला, ब्लॉगही सुरू झाला. यंत्र बोलायचं, पद्मजा चित्रण करायची. लोक लिहायचे, ‘काका, तुम्ही तर आधीपेक्षा फॉर्मात!’ ते खरंच होतं. आधी ते मध्येच एखाद्या नावासाठी अडायचे. आता अडत नव्हते.

जुलैमध्ये दूरच्या दोन देशांत युद्ध पेटलं. संध्याकाळी टीव्हीवर एका पडलेल्या शाळेची दृश्यं चालली होती. ढिगाऱ्यातून एक बाई लहान चपलांचे जोड काढून ओळीत मांडत होती. बापू शेजारी बसले होते. “काय जयवंतराव, काय वाटतं?”

“मला आपलं वाटतं, दोन महिन्यांत मिटेल,” आवाज म्हणाला. “मोठ्यांना बाजारपेठा हव्यात, जमीन नकोय. शेअर बाजार बघा, तो घाबरलाय का?”

“वा! मुद्द्याचं बोललात,” बापू म्हणाले.

पद्मजा चहाचे कप घेऊन बाहेर आली, तर नवऱ्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. डावा हात ते हवेत जोरजोरात हलवत होते. बोलताना हातवारे करायची त्यांची सवयच होती, म्हणून बापूंना त्यात काही वेगळं दिसलं नाही. मग जयवंतरावांनी हात कानामागे नेला आणि डबा ओढून मांडीवर टाकला. “अहो, पडला की!” म्हणत बापूंनी तो उचलून प्रेमाने पुन्हा लावला. पद्मजा ते बघत उभी राहिली. आजारपणाने डोळे भरून येत असतील, असं तिने स्वतःला सांगितलं.

ऑगस्टमध्ये केतकी आली. आजारपण कळूनही तोवर ती आली नव्हती, आईकडे फोनवर चौकशी करायची. आईने फोनवर सांगितलं होतं, “बाबा बोलायला लागलेत. एकदा ये तू.” दुपारी आली, वडिलांच्या समोर वेताच्या मोड्यावर बसली. चार वर्षांत ते फार वाळले होते.

“कसे आहात बाबा?”

“उत्तम. मला आपलं वाटतं, माणसाने एकदा तरी पडून बघावं. छत किती घाण आहे ते कळतं.”

ती हसली. वातावरण थोडं सैल झालं. शाळेतल्या पोरांबद्दल बोलली, पुण्याच्या पावसाबद्दल बोलली. मग मान खाली घालून तिने विचारलं, “बाबा, तो लेख… मला एवढंच विचारायचंय. आता काय वाटतं तुम्हाला?”

जयवंतरावांचे ओठ हलायला लागले. कपाळाची शीर फुगली. डावा हात खुर्चीच्या दांड्यावर आपटू लागला. आणि आवाज आला, प्रसन्न, खेळकर, “मला आपलं वाटतं, लोक फार मनाला लावून घेतात. सहज लिहिलेलं सहज वाचावं.”

केतकीने मान वर केली नाही.

त्यांनी पुन्हा ओठ हलवले. पुन्हा तोच आवाज. “आणि बघ, यंत्रं काही थांबली नाहीत. आज तर मीच यंत्रातून बोलतोय!” हशा मिळावा म्हणून जिथे ते नेहमी थांबायचे, बरोबर तिथे आवाज थांबला.

“येते मी आई,” केतकी उठून म्हणाली. पद्मजा दारापर्यंत धावली. “केतू, अगं, त्यांच्याकडे बघ तरी!” पण केतकी जिना उतरून गेली होती. तिने ऐकलं होतं, बघितलं नव्हतं. पद्मजा आत आली, तेव्हा जयवंतरावांनी डबा काढून फरशीवर फेकला होता आणि तोंड उघडं ठेवून ते आवाजाविना रडत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पद्मजा एकटीच केंद्रात गेली.

“रुबीना, खरं सांग. ते बोलतात त्यातलं त्यांचं किती?”

रुबीनाने संगणकावर एक गोल तबकडी उघडली. तिच्यावर काटा होता. “याला आम्ही अंदाजाचा काटा म्हणतो. काकांचा एक्क्याण्णववर आहे. म्हणजे शंभरातले नऊ भाग त्यांच्या लहरींचे, बाकी अंदाज.”

“सुरुवातीपासून?”

“सुरुवातीला सत्तर होता. यंत्र शिकत जातं, काटा आपोआप चढतो. लोक खूश असले की आम्हीही…” तिने वाक्य अर्धं सोडलं. मग खाली मान घालून तिने टाकाऊ लहरींची यादी उघडली. जे यंत्राला जुळवता येत नाही ते तिथे जाऊन पडतं. खोकला, शिंक, दचकणं. बघता बघता ती पुढे वाकली. “काकू, हे बघा. हा एकच ठसा पुन्हा पुन्हा आलाय. तीन महिन्यांत चारशे वेळा. आणि काल दुपारी एकसष्ट वेळा.”

“काय शब्द आहे तो?”

“ते नाही सांगता येत. यंत्र काकांच्या जुन्या लेखांशी ताडून बघतं. हा त्यांनी तिथे कधीच वापरला नसणार. म्हणून यंत्राने तो शब्द नव्हे, गडबड समजून टाकून दिला.”

पद्मजा घरी आली ती सरळ नवऱ्यासमोर जाऊन बसली. त्यांचा डावा हात तिने हातात घेतला. चौदाशे लेख तिने टाइप होताना बघितले होते. त्यांत काय नाही, याचा ती वाटभर विचार करत आली होती.

“अहो, केतकीला ‘चुकलो’ म्हणायचं होतं का तुम्हाला?”

त्यांनी तिच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि तिथेच मान हलवत राहिले, हलवत राहिले.

रुबीना दुसऱ्या दिवशी घरी आली. “काका, हा शब्द मी यंत्रात भरू शकते. उद्या सकाळी तुम्ही केतकीताईंशी बोलाल, पूर्ण वाक्यात, तुमच्याच आवाजात. किंवा मग काटा शून्यावर आणायचा. त्यात यंत्र काही सुचवणार नाही. पडद्यावर अक्षरं दिसतील, तुम्ही एकेक मनात धरायचं. एका शब्दाला दहा-वीस मिनिटंही लागतील. आधी महिनाभर तर काहीच जमणार नाही. काय करू?”

तिने दोन कागद त्यांच्या पुढे ठेवले. एकावर नव्वद, दुसऱ्यावर शून्य. पद्मजाला मनातून वाटत होतं, पहिला उचलावा. पोरीने एकदा ऐकलं की झालं. जयवंतरावांनी पहिला कागद मुठीत चुरगळला.

काटा शून्यावर आला आणि घर शांत झालं.

रोज सकाळी तीन तास ते पडद्यासमोर बसायचे. ‘क’ मनात धरायचा तर ‘प’ उजळायचा. सप्टेंबर गेला तेव्हा त्यांना ‘पाणी’ येत होतं. कट्ट्यावर ते दोन आठवडे गेले. बापू विचारायचे, “काय वाटतं?” आणि मंडळी उत्तराची वाट बघत बसायची. तलावातले बगळे उडून जायचे, दुसरा विषय निघायचा, तिसरा निघायचा, आणि मग पडद्यावर एखादा ‘म’ उमटायचा. बापू एक दिवस पद्मजाला बाजूला घेऊन म्हणाले, “वहिनी, चांगलं चाललं होतं की हो. कशाला काढून घेतलंत त्यांचं बोलणं?” नंतर ते रोजच्याऐवजी चार दिवसांनी येऊ लागले, मग आठवड्याने. ब्लॉगवर लोकांनी आठवडाभर विचारलं, मग दुसऱ्या कोणाला ऐकायला लागले.

पद्मजालाही जड गेलं. तीन महिने संध्याकाळी तिच्याशी कोणीतरी बोललं होतं. ते कोण होतं, हा प्रश्न ती स्वतःला विचारत नव्हती. पण त्या आवाजाची तिला भूक लागायची. ऑक्टोबरमधल्या एका दुपारी, जेवताना, तिच्याने राहवलं नाही. रुबीनाने तिच्या फोनवर घालून दिलेली काट्याची तबकडी उघडून तिने काटा नव्वदवर नेला.

“अहो, वांग्याची भाजी कशी झालीय?”

“मला आपलं वाटतं, बायकोने केलेल्या भाजीवर मत देणारा माणूस फार काळ लेखक राहत नाही.”

ती खळखळून हसली. हसता हसता तिने वर पाहिलं. जयवंतराव ताट बाजूला सारून तिच्याकडे बघत होते. त्या नजरेत राग नव्हता. आपल्या जागी दुसरा कोणी जेवायला बसवलाय आणि आपण दारात उभे आहोत, असं बघत होते. तिने काटा शून्यावर आणला. पदराने तोंड पुसल्यासारखं केलं. “चुकलं माझं,” ती म्हणाली. पुन्हा तिने काट्याला हात लावला नाही.

केतकीला तिने सगळं सांगितलं होतं. काटा, टाकाऊ लहरी, एकसष्ट वेळा. केतकी फोनवर म्हणाली होती, “आई, मला नाही कळत आता कशावर विश्वास ठेवायचा.” तरी नोव्हेंबरच्या एका शनिवारी ती आली. कदाचित नुसतं बघायलाच आली असेल.

त्याच मोड्यावर बसली. जयवंतरावांनी पडद्याकडे डोळे लावले. घाम फुटला तसा पद्मजाने कपाळ पुसलं. बऱ्याच वेळाने ‘चु’ उमटला. मग ‘क’ यायच्या ऐवजी तीनदा ‘त’ आला, तो त्यांनी पुसायला लावला. वीस मिनिटांनी पडद्यावर ‘चुकलो’ होतं. डब्यातला आवाज आता साधा होता, घोगरा, विरामांना न सांभाळणारा. तो म्हणाला, “चु. क. लो.”

केतकीने वडिलांचा गुडघा धरला. “बाबा, पुरे. कळलं मला. बास.”

त्यांनी मान जोरात हलवली, नाही म्हणून.

“तुमचा आवाज ऐकला ना मी. आणखी काय हवंय? दमू नका तुम्ही.”

“थांब केतू,” पद्मजा म्हणाली. “त्यांचं होऊ दे.”

मग तिघं बसून राहिले. खाली गल्लीत फुलवाला हाक देऊन गेला, शेजारचा कुकर चार शिट्ट्या देऊन थांबला. ‘तुझा’ आला. नंतर ‘आवाज’ आला, तो यायला पाऊण तास लागला. केतकी आता पडद्याकडे बघत नव्हती. वडिलांच्या तोंडाकडे बघत होती. ओठ कसे जुळतात, जीभ कुठे अडते, हे तिच्या पूर्वीच्या कामातलंच होतं. ‘मी’ उमटला आणि त्यांची मान छातीवर कलली.

“उद्या,” केतकी म्हणाली. “बाबा, मी उद्या पण आहे. सुट्टी टाकते सोमवारची. सावकाश सांगा.”

त्यांनी डावा हात तिच्या डोक्यावर ठेवला. तो बराच वेळ तिथेच होता.

रविवारी सकाळी पद्मजा चहा घेऊन गेली तेव्हा ते उठले नाहीत. दुसरी गाठ पहिलीपेक्षा मोठी होती. रुग्णालयात तिसऱ्या दिवशी दुपारी ते गेले. बापू मगदुमांनी खांदा दिला आणि स्मशानातून परत येताना एवढंच म्हणाले, “माणूस गेला दोनदा. पहिल्या वेळी तो गेलाच नाही, असं धरून मी चाललो.”

दहाव्या दिवसानंतर रुबीना आली. डबा आणि पडदा परत न्यायचा होता. ती बसली, पाणी प्यायली, आणि घुटमळत केतकीला म्हणाली, “ताई, शेवटच्या शनिवारच्या सगळ्या लहरी यंत्रात आहेत. ‘मी’ नंतरच्याही थोड्या आहेत, पण अगदी पुसट. काटा वर नेला तर वाक्य पुरं होऊ शकतं. तीन-चार शक्यता येतील. पहिलीची खात्री बहात्तर टक्क्यांपर्यंत जाईल, असं दिसतंय. तुम्हाला हवं असेल तर.”

केतकी पडद्याकडे बघत राहिली. तिथे अजून ती चार शब्दांची ओळ होती. चुकलो तुझा आवाज मी. तिने हात पुढे केला, पडदा स्वतःकडे ओढला, आणि थोड्या वेळाने उलटा करून रुबीनाच्या हातात दिला.

“आमच्यासमोर नका उघडू,” ती म्हणाली. “आणि तिकडे नेऊनही नका उघडू. एवढं करा.”

रुबीनाने मान हलवली. वस्तू पिशवीत भरून ती गेली.

उन्हं उतरायला लागली होती. पद्मजाने दोन कप चहा केला. केतकी वडिलांच्या खुर्चीजवळ फरशीवर बसली होती.

“आई, तुला तर त्यांचं सगळं आधीच कळायचं,” ती म्हणाली. “काय म्हणणार होते गं?”

पद्मजाने कप तिच्यापुढे ठेवला. ती विचार करत राहिली. ‘ऐकला’, ‘विसरलो’, ‘कधी’… यातला प्रत्येक शब्द तिच्या तोंडाशी आला, आणि प्रत्येक तिने परत गिळला.

“नाही गं,” ती म्हणाली. “मला नाही ठाऊक.”

आणि ती मुलीशेजारी फरशीवर टेकली.